सागरी अभयारण्य आणि पोवळ्यांची वस्ती

(परिसर अभ्यास : इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी पाठविवेचन)

प्रास्ताविक

चिकलठाण्याच्या शाळेतील मुलाने समुद्र पाहिलेला असेलच असे नाही. त्याच्या नित्य परिचयाची असते ती सुखना नदी, विमानतळालगतचे माळरान, कारखान्यांची वसाहत आणि आठवड्याचा बाजार. अशा मुलाला समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या पोवळ्यांविषयी व त्यांच्या रक्षणाविषयी शिकवावयाचे, तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे जुने सूत्र येथेही वाट दाखविते.

चिकलठाण्याच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकात जो पाऊस मोजला जातो, तो बहुतांशी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनी आणलेला असतो. हा पहिला धागा होय. दुसरा धागा नळाच्या पाण्याचा. शहराला व चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीला पाणी येते ते पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून. हा नाथसागर १९८६ सालापासून पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. म्हणजे जे पाणी माणसे पितात, त्याच पाण्यावर पक्ष्यांचाही अधिकार कायद्याने मान्य केला आहे; आणि त्याच पाण्यात मासे धरून कित्येक कुटुंबे आपला चरितार्थ चालवितात. एकाच पाण्यावर अनेकांचा जीव अवलंबून असतो, ही गोष्ट चिकलठाण्याच्या मुलाला नवी नाही. तीच गोष्ट समुद्रावर कशी घडते, हे मालवणच्या उदाहरणावरून त्याला दाखवावयाचे आहे.

पोवळे म्हणजे काय?

पोवळे म्हटले की मुलांना सोनाराच्या दुकानातील तांबडा खडा आठवतो. तो खडा मुख्यतः भूमध्य समुद्रात सापडणाऱ्या एका निराळ्या जातीच्या पोवळ्याचा असतो. येथे ज्यांचा विचार करावयाचा ती पोवळी उष्ण प्रदेशातील उथळ समुद्रात वस्ती करून राहतात व प्रचंड भिंतींसारखी रचना उभारतात. तिला प्रवाळभित्ती असे म्हणतात.

पोवळे दगडासारखे दिसते, परंतु तो दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो पुष्कळशा बारीक प्राण्यांचा समुदाय आहे. ह्यांपैकी प्रत्येक प्राण्यास पॉलिप असे नाव आहे. त्याचे शरीर लहानशा थैलीसारखे असून तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असते. समुद्राच्या पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन तो आपल्या बुडाशी घर बांधतो. जुने प्राणी मरतात, त्यांच्या घरांवर नवे प्राणी घरे बांधतात, आणि अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या ही वस्ती वाढत जाते.

पोवळ्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा पोवळ्यास देतात. मोबदल्यात पोवळे त्यांना निवारा देते. पोवळ्याचा रंग बव्हंशी ह्या शैवलांमुळेच असतो. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचावा लागतो म्हणून पोवळ्यांना स्वच्छ व उथळ पाणी लागते. गाळाने पाणी गढूळ झाले की ती उपाशी पडतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी अधिक तापले व तसेच काही आठवडे राहिले, तरी शैवले बाहेर टाकली जातात आणि पोवळे पांढरे पडते. ह्या अवस्थेला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर पोवळे सावरते. न निवले तर मरते.

दगडगोट्यासारख्या गोल आकाराने वाढणाऱ्या पोवळ्यांची वाढ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. दहा वर्षांच्या मुलाने आपली फूटपट्टी काढून दहा सेंटिमीटरचे अंतर पाहावे. त्याच्या जन्माच्या दिवशी वाढू लागलेले पोवळे आज फार तर तेवढे झाले असेल. होडीचा नांगर त्यावर पडला, तर ती दहा वर्षे एका क्षणात मोडतात.

समुद्राच्या एकंदर तळापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला आहे. परंतु समुद्रातील जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना आयुष्याच्या केव्हा ना केव्हा तिचा आश्रय लागतो. लहान मासे तिच्या कपारीत लपतात, वाढतात आणि मग बाहेरच्या पाण्यात जातात. म्हणून पोवळ्यांचे रक्षण हे केवळ शोभेचे रक्षण नव्हे, ते कोळ्याच्या जाळ्यात येणाऱ्या उद्याच्या मासळीचे रक्षण आहे.

मालवणचा समुद्र

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला मुलांना इतिहासाच्या पाठातून माहीत असतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली ह्या जलदुर्गाचे बांधकाम सुरू केले. ह्या किल्ल्याच्या तटाखालील खडकांवर, लाटांच्या आड, पोवळ्यांच्या वस्त्या आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. विद्वानांनाही त्यांची नीट माहिती बरीच उशिरा झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वफार ह्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध केली. कोकणातील नद्या पावसाळ्यात गाळ व गोडे पाणी समुद्रात आणून सोडतात, त्यामुळे येथे मोठी प्रवाळभित्ती तयार होत नाही. खडकांच्या आधाराने तुटक तुटक वस्त्याच आढळतात. ज्या थोड्या आहेत, त्या म्हणूनच मोलाच्या आहेत.

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे एकंदर क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यापैकी ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभ्याचे क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व पाण्याखालील काही खडक येतात. उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर हे भोवतालचे क्षेत्र होय. गाभ्याच्या क्षेत्रात निर्बंध कडक आणि भोवतालच्या क्षेत्रात सौम्य, अशी ह्या विभागणीमागील कल्पना आहे. मुलांना शेताचे उदाहरण द्यावे. बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यात कोणी गुरे सोडीत नाही. बांधावर मात्र चरू देतात.

रेषा आखली, पण...

येथवरचा भाग ऐकून एखादा विद्यार्थी सहज विचारील, "गुरुजी, मग तिथल्या मासे धरणाऱ्यांनी खायचे काय?" हा प्रश्न ह्या पाठाचे हृदय आहे. शिक्षकाने तो टाळू नये; कोणी विचारला नाही तर स्वतः उपस्थित करावा.

मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारी हा पिढीजात व्यवसाय आहे. तेथे रापण नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. लांबलचक जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची, अशी ती रीत. जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा मिळतो. मोठ्या यांत्रिक नौका आल्यापासून ह्या लहान मच्छीमारांच्या वाट्याची मासळी आधीच घटू लागली होती. अशा वेळी आपल्या दारातील पाणी अभयारण्य झाले आहे असे कळल्यावर त्यांना धास्ती वाटली, ह्यात नवल नाही. ज्यांनी समुद्राची हानी अल्प केली, त्यांच्यावरच बंदी प्रथम येणार असे त्यांना वाटले. स्थानिक मच्छीमारांचा विरोध तीव्र राहिला आणि अभयारण्य अनेक वर्षे बहुतांशी कागदावरच राहिले. पोवळ्यांना त्या कागदाचा उपयोग झाला नाही आणि मच्छीमारांची धास्तीही गेली नाही.

कायद्यातही पुढे ह्या अडचणीची दखल घेतली गेली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन, समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज केली पाहिजे, असे स्पष्ट सांगण्यात आले. मालवणची घोषणा त्यापूर्वी चार वर्षे झालेली होती.

हा विचार आपल्याकडे अगदी नवा आहे असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जो उपदेश आहे, तो येथे सांगण्याजोगा आहे. रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर मालकास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याचे काम कितीही मोठे असले तरी ज्याचे त्यात जाते त्याची संमती घ्यावी, हे त्यातील तत्त्व समुद्रालाही लागू पडते.

बंदीने मासळी वाढते ती कशी?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाने ग्रामसभेत ठराव करून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगरावर गुरे सोडणे थांबले, तेव्हा गवत उभे राहिले. आणि ते कापून आणल्यामुळे गावाला चाऱ्याचा तुटवडा राहिला नाही. बंदीचा त्रास आधी झाला, लाभ मागाहून आला. गावाने तो त्रास सोसला, कारण बंदी गावाने स्वतः घातली होती.

समुद्रातील राखीव क्षेत्राचे कार्यही असेच चालते. जेथे मासे धरले जात नाहीत तेथे ते वाढतात व मोठे होतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक अंडी घालते. अंडी व पिले प्रवाहाबरोबर बाहेर जातात, गर्दी झाली की मोठे मासेही सीमेपलीकडे येतात, आणि ते बाहेरच्या जाळ्यात सापडतात. फिलिपाइन्समधील आपो नावाच्या लहानशा बेटावर १९८२ साली कोळ्यांनी, अँजेल अल्काला ह्या प्राणिशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने, आपल्या किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीस बंद केला व त्याची राखण स्वतः केली. काही वर्षांत राखीव तुकड्यात व त्याच्या आसपास मासळी वाढल्याचे दिसून आले. आपो आणि हिवरे बाजार ही गावे परस्परांपासून हजारो कोस दूर आहेत. परंतु दोहोंनी शिकविलेला धडा एकच आहे.

बंदी काळाचीही असते. पावसाळ्याच्या आरंभी सुमारे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. कित्येक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ होय. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या बाहेर काढण्याची परंपरा ह्या विश्रांतीशी जुळणारी आहे.

सुधारलेले जाळे व इतर उपाय

२०११ नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर एक प्रकल्प राबविण्यात आला. मासेमारी व पर्यटन ह्यांनाच समुद्ररक्षणाशी जोडावे, अशी त्याची दिशा होती. त्यात पोवळ्यांचे तुकडे समुद्रतळाशी ठेवलेल्या सिमेंटच्या साच्यांवर लावून वाढविण्याचा प्रयोग झाला. आणि ओढून नेण्याच्या जाळ्यांच्या शेवटच्या पिशवीत चौकोनी आसाची जाळी बसविण्याचा प्रचार झाला.

चौकोनी आसाचे महत्त्व मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते. शाळेतील व्हॉलीबॉलचे जाळे घ्यावे. दोन मुलांनी ते तिरपे, म्हणजे चौकटींच्या कोपऱ्यांच्या दिशेने ताणावे. भोके मिटत जातात. आता तेच जाळे दोऱ्यांच्या सरळ दिशेने ताणावे. भोके उघडी राहतात. नेहमीच्या जाळ्यातील भोके शंकरपाळ्यासारखी असतात. नौका जाळे ओढू लागली की ती मिटतात आणि बोटाएवढी पिलेही आत अडकतात. चौकोनी भोके उघडी राहतात आणि पिले निसटून जातात. मच्छीमाराचा धंदा बंद न करता उद्याची मासळी राखण्याचा हा एक मार्ग आहे.

पर्यटनाचेही असेच आहे. मालवण व तारकर्ली येथे पाण्याखालील पोवळी पाहण्यासाठी पुष्कळ लोक येतात, आणि त्यांना होडीतून नेण्याच्या कामावर स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो. जिवंत पोवळ्यावर पोट चालू लागले की त्याची राखण करावीशी वाटते. परंतु नवशिक्याने पोवळ्यावर पाय टेकला, किंवा होडीवाल्याने त्यावर नांगर टाकला, तर तोच धंदा पोवळ्याच्या मुळावर येतो. पाण्यात कायमचा तरंगता बोया बांधून होड्या त्याला अडकविणे, आणि पाहुण्याला हात न लावता पाहण्याची ताकीद देणे, हे उपाय साधे आहेत. ते रोजच्या रोज पाळावे लागतात, इतकेच.

सीमेच्या पलीकडील संकट

काही संकटे कोणत्याही सीमारेषेने अडत नाहीत. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे समुद्र तापतो व विरंजन वारंवार घडते. १९९८, २०१० व २०१६ ह्या वर्षी जगातील अनेक समुद्रांत पोवळी पांढरी पडली. २०२३ पासून पुन्हा तसाच जागतिक प्रसंग आला. अभयारण्य पाण्याचे तापमान कमी करू शकत नाही. परंतु गाळ, सांडपाणी व नांगर ह्यांच्या त्रासातून मुक्त असलेली पोवळी विरंजनानंतर सावरण्याची शक्यता अधिक असते. अशक्त रोग्याला साधा तापही जड जातो, तसेच हे आहे.

दुसरी अडचण अधिकाराची. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे तेथे गाळ पोचत नाही, पाणी स्वच्छ असते आणि पोवळ्यांची वस्ती समृद्ध आहे. परंतु देशाचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर इतकाच. आंग्रिया बँक त्यापलीकडे असल्याने राज्याला तेथे नेहमीच्या रीतीने अभयारण्य करता येत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक केंद्रीय कायद्याखाली तिला संरक्षण मिळावे, असा प्रस्ताव राज्याने २०२० साली पुढे मांडला.

वर्गात करावयाची कामे

१. भारताच्या नकाशात मालवण, कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप व अंदमान ही ठिकाणे दाखवून पोवळ्यांच्या वस्त्या खुणेने भराव्यात.

२. व्हॉलीबॉलच्या जाळ्याचा वर वर्णिलेला प्रयोग प्रत्येक मुलाकडून करवून घ्यावा.

३. वर्गाची ग्रामसभा भरवावी. काही मुलांनी रापण ओढणारे व्हावे, काहींनी यांत्रिक नौकेचे मालक, काहींनी होडीवाले, काहींनी वनाधिकारी. एकाने पोवळ्याची बाजू मांडावी. कोणत्या पाण्यात, किती काळ व कोणाला बंदी असावी, आणि ज्याचे नुकसान होईल त्याला काय द्यावे, ह्यावर ठराव करावा. शिक्षकाने आपले मत आधी सांगू नये. बंदी कोणावर घातली हे सांगताना, त्याला ती विचारली होती काय, एवढे मात्र प्रत्येक ठरावानंतर विचारावे.

४. सुखना नदीचा प्रवास मुलांनी वहीत काढावा. सुखना दुधनेला, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. चिकलठाण्याचे पाणी मालवणला जात नाही, हे ह्यावरून स्पष्ट होईल. परंतु ते समुद्राला जाते, हेही तितकेच स्पष्ट होईल. गोदावरीच्या मुखाजवळ आंध्र प्रदेशात कोरिंगा अभयारण्य असून तेथे खारफुटीचे मोठे वन आहे. सुखनेत टाकलेला कचरा पुराबरोबर कोणत्या दिशेने जातो, हे मुलांनी बाणाने दाखवावे.

स्वाध्यायाचे प्रश्न

(१) पोवळे हा प्राणी आहे, हे कोणत्या लक्षणांवरून म्हणता येते?
(२) मालवणजवळ मोठी प्रवाळभित्ती का तयार होत नाही?
(३) चौकोनी आसाच्या जाळ्यातून लहान मासे कसे निसटतात? आकृती काढून सांगा.
(४) १९९१ सालच्या दुरुस्तीने कायद्यात कोणती गोष्ट आली?
(५) हिवरे बाजारची चराईबंदी व आपो बेटावरील मासेमारीबंदी ह्यांतील साम्य सांगा.
(६) नाथसागराच्या पाण्यावर कोणाकोणाचा जीव अवलंबून आहे? त्यांच्यात पाण्याची वाटणी करावयाची तर कोणाला विचारावे?

समारोप

पाण्यावर रेघ टिकत नाही, असे सर्वच म्हणतात. सागरी अभयारण्याची सीमा ही अशीच पाण्यावरची रेघ आहे. नकाशावर ती शाईने काढता येते. समुद्रावर ती टिकते ती तेथे रोज होडी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मनात उमटली तरच. पोवळ्यांना रक्षणाची गरज आहे ह्यात शंका नाही, आणि मच्छीमाराला पोट आहे ह्यातही शंका नाही. ह्यांपैकी एक सत्य शिकवून दुसरे वगळले, तर पाठ अपुरा राहील.

आज पाचवीत बसलेला मुलगा उद्या कदाचित नाथसागराच्या काठी शेती करील, औद्योगिक वसाहतीत काम करील, किंवा एखाद्या कचेरीत बसून नकाशावर सीमा आखील. जो जेथे जाईल तेथे त्याने रेघ ओढण्यापूर्वी पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला विचारावे, आणि ओढलेली रेघ स्वतः आधी पाळावी. मालवणच्या पोवळ्यांपासून चिकलठाण्याच्या मुलांनी शिकावयाचे ते एवढेच.